जर्मनी की दुबई? मराठवाड्यातल्या नर्स आणि आयटीआयवाल्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणीकडे नर्सिंग किंवा आयटीआय झालं की हल्ली दोन नावं हमखास निघतात. दुबई जुनी, जर्मनी नवी. घरात चर्चा बसते ती पगारावर: युरोला रुपयांनी गुणायचं, दिरहमला गुणायचं, मोठा आकडा येईल तिकडे जायचं. हा हिशेब फसतो. दुबईचा पहिला पगार, कागद सरळ असतील तर, काही महिन्यांत हातात येतो. जर्मनीचा येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष भाषेतच जातं. म्हणून आधी हे बघा की तेवढे दिवस घर तुमच्या कमाईवाचून चालेल का. डोक्यावर खासगी सावकाराचं कर्ज असेल आणि सोयाबीनच्या पट्टीवर घर चालत असेल, तर जर्मनीची वाट निम्म्यावर सुटण्याची शक्यता मोठी.

निघण्याआधीचा खर्च आणि वेळ

जर्मनीत पूर्ण मान्यता असलेली नर्स म्हणून काम करायला साधारणपणे बी-टू पातळीची (भाषेच्या सहा पायऱ्यांतली चौथी; बी-वन तिच्या आधीची) जर्मन लागते. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिची परीक्षा घेणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने शून्यापासून बी-टूपर्यंत ४५ मिनिटांचे ६०० ते ८०० तास होतात. रोज दोन तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर नुसत्या वर्गालाच नऊ ते बारा महिने. त्यात परीक्षेच्या तारखा, एखादा पेपर राहणं आणि ड्युटीमुळे बुडालेले वर्ग मिळवा. बी-वन आणि बी-टू परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. ग्योटेच्या परीक्षेसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, तो प्रवास-मुक्काम बजेटमध्ये धरा. बहुतेकांचं गाडं बोलण्यात नाही, लेखनात आणि श्रवणात अडतं. व्हिडिओ बघून आलेली जर्मन तिथे पुरत नाही.

भाषेसोबत पदवीची मान्यता. त्यासाठी कॉलेजकडून विषयवार तासांचा तक्ता घ्या: थिअरी किती, प्रात्यक्षिक किती, कोणत्या वॉर्डात किती तास. नुसती मार्कशीट पाठवली की जर्मन कार्यालय अभ्यासक्रमात 'तूट' दाखवतं. मग तिथे गेल्यावर एक तर पूरक प्रशिक्षण, नाही तर ज्ञानपरीक्षा. तोवर काम सहायक म्हणून आणि पगारही सहायकाचा. अनुभवपत्रावरही 'दोन वर्षे काम केले' एवढं पुरत नाही. वॉर्ड, आठवड्याचे तास, तारखा हव्यात.

आयटीआयवाल्यांचं थोडं वेगळं. मार्च २०२४ पासून जर्मनीने एक वाट मोकळी केली: मायदेशात सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं शिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव असेल, तर तिथल्या मान्यतेशिवाय नोकरीचा व्हिसा मिळू शकतो. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, ते यात बसतात. वेल्डर एक वर्षाचा, तो नाही. शिवाय पगाराची अट आहे, ती २०२५ मध्ये वर्षाला ४३,४७० युरो होती (मालक सामूहिक वेतन कराराने बांधलेला असेल तर सूट). नवख्याला एवढी ऑफर सहज मिळत नाही. विशीच्या आतबाहेरच्या मुलाने त्यापेक्षा तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे कामावर राहून घेतलेलं व्यवसाय शिक्षण, बघावं. बी-वनची तयारी लागते, पण पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन सुरू होतं आणि शेवटी हातात जर्मन प्रमाणपत्र असतं.

दुबईकडे इंग्रजी चालते. नर्सला डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी, संगणकावरची परीक्षा आणि मग परवाना. दुबईचा परवाना वेगळा, अबुधाबीचा वेगळा, उरलेल्या अमिरातींचा वेगळा. पोचल्यावर छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी होते. कधी काळी क्षय होऊन बरा झाला असेल तर त्याचा डाग फिल्मवर दिसू शकतो आणि व्हिसा तिथेच अडकतो. पाच-सातशे रुपयांचा एक्स-रे लातुरातच काढून बघा, तिकीट त्यानंतर.

एजंट

नोंदणीकृत एजंटला आखातातल्या नोकरीसाठी उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. त्यावर मागितलेले दोन-तीन लाख बेकायदा. नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (तपासणी आवश्यक) असं असतं; त्यांना आखातात नोकरीला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देशाबाहेर कामाला जायची सरकारी परवानगी, लागतो. नर्सला मात्र दहावी-बारावी झालेली असली तरी आखातासाठी ई-मायग्रेटमधूनच जावं लागतं. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ' असं जो म्हणतो त्याच्या टेबलावरून उठा. व्हिजिटवर काम करणं तिथे गुन्हा आहे आणि पकडला जातो तो एजंट नव्हे.

जर्मनीसाठीचे एजंट वेगळी मेख मारतात: भाषेचा क्लास फुकट, पण तीन वर्षं नोकरी सोडली तर काही हजार युरो परत. ही अट करारात कोणत्या कलमात आहे आणि रक्कम महिन्यागणिक कमी होते की नाही, हे सही करण्याआधी वाचा.

हातात काय उरतं

जर्मनीत मान्यताप्राप्त नर्सचा एकूण पगार ३,२०० युरो धरला तर अविवाहिताच्या खात्यात साधारण २,१०० ते २,२०० येतात. कापला जातो तो आयकर आणि आरोग्य, पेन्शन, बेकारी, शुश्रूषा असे विमे. हे ऐकून लोक बिचकतात. पण त्याच कपातीत बिनकमावत्या जोडीदाराचा आणि मुलांचा सरकारी आरोग्य विमा वेगळे पैसे न भरता येतो, सरकारी शाळेला फी नसते, आणि बारा महिने विमा भरल्यावर नोकरी गेली तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो. मूल असेल तर ६७.

दुबईत आयकर शून्य. तिथली चलाखी 'बेसिक'मध्ये असते. समजा ऑफर ४,००० दिरहमची आहे. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी, म्हणजे भत्ते धरत नाहीत. बेसिक ३,००० लिहिला असेल तर वर्षाला २,१०० दिरहम, पाच वर्षांचे १०,५००. तोच बेसिक १,६०० लिहिला आणि बाकी भत्ते दाखवले तर वर्षाला १,१२०, पाच वर्षांचे ५,६००. पगार तोच, आणि सही एका रकान्याकडे न बघता केली म्हणून जवळजवळ निम्मे गेले. राहणं कंपनीचं असेल तर शिल्लक चांगली पडते. स्वतःचं असेल तर भाड्याचे वर्षभराचे चेक आधीच द्यावे लागतात आणि इथेच बरेच जण कर्जात शिरतात.

घरचे

बायको-मुलं नेण्यासाठी दुबईत महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, एवढं उत्पन्न दाखवावं लागतं. नेता येतं, पण शाळेची फी डोळे पांढरे करते. म्हणून कुटुंब नांदेडला आणि माणूस तिकडे, ही रीत पडली. जर्मनीत कुटुंब नेणं परवडतं, फक्त भाड्याचं घर मिळवण्यात जीव मेटाकुटीला येतो.

आईवडील गावी एकटे असतील तर मात्र पारडं दुबईकडे झुकतं आणि ते झुकू द्यावं. दुबई ते मुंबई विमान सुमारे तीन तासांचं. सकाळी फोन आला तर माणूस मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडून दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला दवाखान्यात उभा राहू शकतो. फ्रँकफुर्टहून नुसतं मुंबईलाच आठ-नऊ तास, वर तिकिटाचा भाव वेगळा.

मुक्कामाचा हक्क हा खरा फरक. दुबईतला व्हिसा नोकरीला बांधलेला, सहसा दोन वर्षांचा. वीस वर्षं काढली तरी नोकरी सुटली की मुदतीत दुसरी शोधा किंवा परत या. जर्मनीत कुशल कामगाराला तीन वर्षांनी, तिथेच आउसबिल्डुंग केलेल्याला नोकरीच्या दोन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, पेन्शनचे हप्ते आणि भाषा या अटींसह. आमचं मत स्पष्ट आहे: कर्ज फेडून, घर बांधून पाच-सात वर्षांत परत यायचं असेल तर दुबई, मुलांचं शिक्षण तिकडेच करायचं असेल आणि वय तिशीच्या आत असेल तर जर्मनी. दोन्ही एकदम हवं म्हणणाऱ्यांची ओढाताण होते.

पहिले दोन आठवडे

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो न देणाऱ्याची खोली घेऊ नका. नोंदणी नाही तर कर क्रमांक टपालाने येणार नाही, आणि तो नसला की पगारातून सर्वांत जड वर्गाचा कर कापला जाऊ शकतो. नंतर परत मिळतो, पण पहिला महिना कोरडा जातो. दारावरच्या टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवायचं विसरू नका. नाव नसेल तर पत्र परत जातं. दुबईत हे सगळं बरंचसं कंपनी करते. फक्त पासपोर्ट कंपनीकडे ठेवून द्यायचा नाही, तो काढून घेणं तिथेही बेकायदा आहे.

इथून नेताना

नावांचा घोळ इथेच मिटवा. टीसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, लग्नानंतर बँकेत तिसरंच, असं चालत नाही. भर म्हणून जन्मठिकाण 'औरंगाबाद' किंवा 'उस्मानाबाद' आणि नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. २०२३ च्या नामांतराच्या राजपत्राची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर फाईलमध्ये ठेवा.

बॅगेत दुबईला खसखस नेऊ नका, मसाल्यातलीसुद्धा. तिथे ती अमली पदार्थांत धरतात. घरचा काळा मसाला न्यायचा असेल तर खसखशीशिवाय कुटून घ्या. जर्मनीला दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे तूप नाही आणि कुंथलगिरीचे पेढेही नाहीत.

आणि शेती. अनिवासी झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारसाने आलेली ठेवता येते. आधीपासून नावावर असलेली तशीच राहते. बांधालगतचे दोन एकर घ्यायचे ठरलेच असतील तर परदेशी निघण्याआधी खरेदीखत करा. बँकेचं बचत खातंही एनआरओमध्ये (अनिवासींचं भारतातलं रुपया खातं) बदलून घ्या; विहिरीच्या मोटारीचं बिल आणि पीक कर्जाचा हप्ता त्यातून जात असेल तर भावाला सहीचे अधिकार देऊन ठेवा.