जुन्या मेणासाठी फ्लोअर स्ट्रिपर घ्यावं की टर्पेंटाइन?

सफाईच्या सामानाच्या दुकानात ‘फरशीवरचं मेण काढायचंय’ म्हटलं की फ्लोअर स्ट्रिपरचा पाच लिटरचा कॅन पुढे येतो. वस्तू चांगली आहे, पण खान्देशातल्या जुन्या स्वयंपाकघरांचं काम तिने होत नाही. स्ट्रिपर तीव्र अल्कधर्मी असतं. ते शोरूम-दवाखान्यांत मारतात त्या अ‍ॅक्रिलिक पॉलिशसाठी बनवलेलं आहे. त्या पॉलिशला जस्ताने आलेली घट्ट बांधणी स्ट्रिपरमधली अमोनियासारखी द्रव्यं सोडवतात आणि थर फुगून सुटतो. आपल्याकडे मोझॅकवर, कोटा दगडाच्या फरशीवर, लाल कोब्यावर वर्षानुवर्षं चोळलेलं असतं ते डब्यातलं घट्ट मेण. त्याला टर्पेंटाइनच लागतं. स्ट्रिपरने वरचा मळ निघतो, फरशी दोन दिवस बरी दिसते, पाय मात्र चिकटतच राहतात.

आधी थर ओळखा. ओट्याखालच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन चोळा. फडकं पिवळट-तपकिरी आणि मेणचट झालं तर मेण. काहीच उतरलं नाही तर तिथेच स्ट्रिपरचे दोन थेंब टाका. पाच-दहा मिनिटांत थर दुधाळ झाला की अ‍ॅक्रिलिक.

दोन्हींच्या आधी तेल काढायला हवं. शेवभाजीच्या आणि भरिताच्या फोडण्यांचं तेल शेगडीसमोरच्या दोन-तीन फरश्यांवर मेणात मुरलेलं असतं. तसंच स्ट्रिपर ओतलं तर त्यातला अल्क तेलाचा साबण करण्यातच खर्च होतो. बादलीभर गरम पाण्यात मूठभर कपड्यांची पावडर टाकून घासा आणि फरशी पूर्ण वाळू द्या. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी नको, तिचा पांढरा चिकटा सांध्यांत बसतो.

मेणासाठी रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घ्या. शंभर चौरस फुटांना लिटरभर धरा, थर जाड असेल तर दीड. एका वेळी दोन बाय दोन फूट एवढाच तुकडा ओला करा, पाच मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि विरघळलेलं मेण लगेच सुती फडक्याने टिपा. टिपण्यातच खरं काम आहे. फडकं बदललं नाही किंवा टर्पेंटाइन जागेवरच उडालं, तर तेच मेण पुन्हा पसरून बसतं. तारेची घासणी वापरू नका, कोट्यावर ओरखडे उठतात आणि अडकलेल्या लोखंडाचे गंजाचे डाग पडतात. विनाइलच्या फरशीवर टर्पेंटाइन नको, ती मऊ पडते.

आगीचा धोका इथे खरा आहे. साधारण ३५ ते ४० अंशांना टर्पेंटाइनची पेटण्याजोगी वाफ तयार होते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४२-४५ वर असतो. म्हणून हे काम उन्हाळ्यात नकोच. दिवाळीच्या आवराआवरीत, सकाळी करा. सिलिंडर आणि शेगडी बाहेर काढा, फ्रिजचा प्लग सुरुवातीलाच काढा, देवापुढचा दिवा विझवा, खिडक्या-दारं उघडी ठेवा. वापरलेली फडकी गोळा करून कोंबू नका, अंगणात पसरून वाळवा.

अ‍ॅक्रिलिक निघालं तर मात्र स्ट्रिपर उत्तम. लेबलवरचं प्रमाण पाळा. एकास पाच (एक भाग स्ट्रिपर, पाच भाग पाणी) असेल तर शंभर चौरस फुटांना पाऊण लिटर पुरतं, पाच लिटरचा कॅन कशाला? रबरी हातमोजे घाला. दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवा. पंख्याखाली वाळलं तर राड घट्ट बसते. वायपरने ओढून घ्या आणि दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा, नाहीतर पुढचं पॉलिश धरत नाही. स्ट्रिपरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, अमोनियाशी विषारी वायू तयार होतो.

व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड, यांनी मेण विरघळत नाही. कोटा, शहाबादी, संगमरवर हे चुन्याचे दगड. अ‍ॅसिड त्यांना खातं आणि चमक जाते. ती मग मशीनच्या घासाईशिवाय परत येत नाही.

नवं मेण लावायचंच असेल तर फरशी चोवीस तास वाळल्यावर, अगदी पातळ हाताने. शेगडीसमोरचा पट्टा तसाच कोरा ठेवा.