सीटी नॉर्मल आला, पण डोकं अजून जड आहे: कन्कशननंतर काय निवडायचं?

मार्चच्या शेवटी माझी 15 वर्षांची लेक मैत्रिणीच्या गाडीवरून पडली. मागे बसली होती, हेल्मेट नव्हतं. ब्रेकरवर गाडी उसळली आणि डोकं रस्त्यावर आपटलं. रक्त नाही, जखम नाही, पण "आपण कुठे चाललो होतो?" हे ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. सीटी स्कॅन नॉर्मल आला. कागदावर ‘कन्कशन’ (म्हणजे मार लागून मेंदूला बसलेला झटका) लिहून, गोळ्यांची एक पट्टी देऊन आणि "आराम करू द्या" एवढं सांगून आम्हाला घरी पाठवलं. आराम म्हणजे काय, किती दिवस, शाळा केव्हा, हे विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला होता.

घरी सल्ल्यांची रीघ लागली. सासूबाई म्हणाल्या, पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत निजू द्या, मोबाइल देऊ नका. दिराने मेंदूच्या टॉनिकचा तीन महिन्यांचा कोर्स सुचवला. शेजारच्या काकांनी जास्त दाबाने ऑक्सिजन देणाऱ्या चेंबरचं पत्रक आणून दिलं. ओळखीतली फिजिओ म्हणाली, दोन दिवसांनी चालायला लावा. आणि पुण्याची एक मैत्रीण म्हणाली, नव्या औषधांच्या चाचण्या चालू असतात, तिथे नाव घाल. प्रत्येक जण कळकळीनेच सांगत होता. म्हणून मी रात्री बसून मूळ संशोधन वाचलं, डॉक्टरांना पुन्हा गाठून विचारलं, आणि हे सगळे पर्याय शेजारी शेजारी मांडून पाहिले. तुमच्या घरी आज हाच पेच असेल तर हे वाचा.

त्याआधी एक गोष्ट, जिच्यात निवडीचा प्रश्नच येत नाही. डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, उठवूनही नीट जाग येईना, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, फीट आली किंवा नाका-कानातून पाणी येऊ लागलं, तर पुढचं काही वाचू नका. 108 ला फोन करा किंवा थेट ट्रॉमा सेंटरला न्या (आमच्या नागपुरात ते ‘मेडिकल’ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे). रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या वयस्कर माणसाच्या डोक्याला मार लागला, तर लक्षणं दिसायचीही वाट बघू नका.

सीटी नॉर्मल असूनही त्रास का होतो, हे मला आधी कळतच नव्हतं. सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. कन्कशनमध्ये बिघाड पेशींच्या कामकाजात असतो. डोकं हिसकलं की मेंदूतले तंतू ताणले जातात, पेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांचा तोल जातो, तो सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. त्यामुळे डोकं जड होतं, उजेड सहन होत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. बहुतेक मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागतात. हे आकडे मनात धरून ठेवा, कारण कुठलाही उपाय जोखताना पहिला प्रश्न हाच असतो: हे याच्यामुळे बरं झालं, की आपोआपच होणार होतं?

अंधारी खोली की पायी फेरी

मी सर्वात जास्त वेळ याच प्रश्नावर घालवला, कारण घरात भांडण याच्यावरच होतं आणि संशोधनातही ठोस उत्तर याचंच सापडलं.

पूर्ण आरामाची बाजू आधी. अमेरिकेत मिलवॉकी इथे 11 ते 22 वर्षांच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस सक्त आराम, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला, म्हणजे एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू रोजचं आयुष्य. 2015 साली निकाल आला तेव्हा सक्त आरामवाल्यांनी जास्त लक्षणं नोंदवली होती आणि ती जायला वेळही जास्त लागला होता. हे वाचून मी रात्री दीड वाजता उठून लेकीच्या खोलीचा पडदा अर्धा उघडला. नुसतं पडून राहिलं की झोपेचं चक्र बिघडतं, मैत्रिणी तुटतात, आणि मूल दिवसभर स्वतःचं डोकंच चाचपत बसतं.

आता हालचालीची बाजू. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठाच्या गटाने खेळताना डोक्याला मार लागलेल्या 13 ते 18 वर्षांच्या मुलामुलींवर दोन चाचण्या केल्या. अर्ध्यांना नाडीची मर्यादा आखून रोज 20 मिनिटं एरोबिक व्यायाम दिला, अर्ध्यांना नुसतं स्ट्रेचिंग. 2019 च्या चाचणीत 103 जण होते. व्यायामवाले सरासरी 13 दिवसांत बरे झाले, स्ट्रेचिंगवाले 17 दिवसांत. 2021 च्या चाचणीत 118 जण होते आणि हेच आकडे 14 आणि 19 आले. महिना उलटूनही त्रास रेंगाळण्याचा धोका व्यायामवाल्यांत जवळपास निम्म्याने कमी होता. 2022 साली ॲमस्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी जे निवेदन काढलं, त्यातही 24 ते 48 तास सापेक्ष आराम (म्हणजे नुसतं पडून न राहता रोजची हलकी कामं चालू ठेवून) आणि मग हलकी हालचाल असाच क्रम आहे.

चार-पाच दिवसांचा फरक म्हणजे काय मोठं, असं दिराने म्हटलं. चाचणी परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीला पाच दिवस म्हणजे काय, हे तिलाच विचारा. पण एक गोष्ट मलाही खटकली, ती सांगायला हवी. ही सगळी मुलं खेळाडू होती. माझी लेक खेळाडू नाही, आणि ती मैदानावर नाही तर रस्त्यावर पडली. म्हणून आम्ही तोच व्यायाम जसाच्या तसा उचलला नाही. डॉक्टरांना विचारून अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली.

ती पायरी अशी. 220 मधून वय वजा करायचं. 15 वर्षांच्या मुलीचे उरतात 205, ही नाडीची साधारण कमाल मर्यादा. सुरुवातीला नाडी याच्या 55 टक्क्यांपर्यंत, म्हणजे मिनिटाला 113 च्या आसपास. ते दोन-तीन दिवस पेललं की 70 टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण 143. घड्याळ लागत नाही. मनगटावर दोन बोटं ठेवून 15 सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. निघण्याआधी त्रासाला शून्य ते दहात आकडा द्यायचा, आल्यावर पुन्हा द्यायचा. आकडा जास्तीत जास्त दोनने वाढला आणि तासाभरात खाली आला तर चालतं. त्याहून जास्त वाढला तर त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

लेकीने गणिताच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिलं. पाचव्या दिवशीच्या ओळीत तिच्या अक्षरात आहे: "आधी 4, नंतर 6, आंघोळीनंतर 4." त्या शेवटच्या चारने माझी भीती जितकी कमी केली, तितकी कोणाच्या समजावण्याने झाली नव्हती.

नागपूरकरांसाठी इथे एक पोटकलम लागतं. एप्रिलमध्ये सकाळी दहाला बाहेर पाऊल टाकलं तर धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं. मग ते ऊन लागलं की कन्कशन, हे कळायला मार्ग उरत नाही. आम्ही पहाटे साडेपाचला जपानी गार्डनला जायचो, आणि उकाडा वाढल्यावर घरातल्याच पॅसेजमध्ये फेऱ्या. घोटभर पाणी आधी, घोटभर नंतर. वर्धा रोडच्या हॉर्नच्या कल्लोळात सुरुवातीचे दिवस चालायला नेऊ नका.

मोबाइलच्या बाबतीत मात्र सासूबाई बरोबर निघाल्या, आणि मी त्यांना तसं सांगितलं. 12 ते 25 वर्षांच्या 125 रुग्णांच्या चाचणीत पहिले 48 तास स्क्रीन न बघणारे सरासरी साडेतीन दिवसांत बरे झाले, बघणाऱ्यांना आठ दिवस लागले. हा निकाल 2021 चा. बंदी दोन दिवसांचीच होती, महिन्याची नाही.

चक्कर आणि मान

प्रत्येकाला व्यायाम पुरत नाही. काहींची डोकेदुखी मानेतून येते, कारण डोकं आपटतं तेव्हा मानही हिसकते. काहींच्या आतल्या कानाचा आणि डोळ्यांचा मेळ बिघडतो. मान वळवली की गरगरतं, पुस्तकाची ओळ हलते, भरगच्च दुकानात पाय लटपटतात. यांना कितीही चालवलं तरी नेमका तो दोष सुटत नाही. इथे मान आणि तोल दोन्हींवर काम करणारी फिजिओथेरपी उपयोगी पडते. कॅनडातल्या 2014 च्या एका चाचणीत त्रास रेंगाळलेल्या 12 ते 30 वर्षांच्या रुग्णांना आठ आठवडे असे उपचार दिले. त्यांपैकी 73 टक्के त्या मुदतीत खेळायला परवानगी मिळण्याइतके बरे झाले, दुसऱ्या गटात फक्त 7 टक्के. फरक डोळे दिपवणारा आहे, पण रुग्ण होते फक्त 31. मी याला ‘आशादायक’ म्हणेन आणि चक्कर हाच मुख्य त्रास असेल तर बिनदिक्कत पैसे इथे घालेन. धंतोली-रामदासपेठेत फिजिओ पावलोपावली आहेत. फोनवर एकच विचारा: "व्हेस्टिब्युलर रिहॅब (म्हणजे तोल सावरायचे व्यायाम) करता का?" थांबून "म्हणजे काय?" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.

गोळ्या आणि चेंबर

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचलं तर ते सिटिकोलिन निघालं. आपल्याकडे डोक्याला मार लागला की हे सर्रास लिहितात. अमेरिकेत याची मोठी चाचणी झाली, 1,213 रुग्ण, रोज 2,000 मिलिग्रॅम, 90 दिवस. 2012 साली निकाल लागला: नुसती दिसायला तशीच असलेली बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा काहीही फरक नाही. त्या चाचणीतले रुग्ण आमच्या लेकीपेक्षा गंभीर होते हे खरं, पण जे औषध तिथे चाललं नाही ते इथे चालेल असं मानायला आधार कुठला? मी डॉक्टरांना हे नम्रपणे विचारलं आणि त्यांनी गोळी बंद केली. स्वतःहून बंद करू नका, पण विचारा जरूर.

झोपेसाठीचं मेलाटोनिन कन्कशनचा रेंगाळलेला त्रास घालवतं का, हेही कॅनडात 99 मुलांवर तपासून झालं आहे. नाही घालवत. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने कन्कशन बरं करण्यासाठी म्हणून आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. डोकेदुखीला सुरुवातीचे दिवस पॅरासिटामॉल ठीक, पण रोज रोज घेत राहिलं तर गोळीच डोकेदुखी आणू लागते.

ऑक्सिजन चेंबरच्या पत्रकावर ‘संशोधनसिद्ध’ लिहिलं होतं. संशोधन खरंच झालं आहे, पण त्याचा निकाल पत्रकात नाही. अमेरिकी सैन्यातल्या 72 जणांचे तीन गट केले. एकाला 40 वेळा चेंबरमध्ये खरा ऑक्सिजन, दुसऱ्याला त्याच चेंबरमध्ये साधी हवा, तिसऱ्याला चेंबरच नाही. 2015 चा निकाल सांगतो, चेंबरमध्ये बसलेले दोन्ही गट सुधारले आणि त्या दोघांत फरक नव्हता. म्हणजे गुण आला तो लक्ष दिल्याचा, रोज कोणीतरी विचारपूस केल्याचा. तो गुण खोटा नाही, पण त्यासाठी घरातलं सोनं गहाण टाकायला मी कुणाला सांगणार नाही.

नव्या उपचाराच्या चाचणीत नाव घालावं का?

हा पर्याय वरच्या सगळ्यांच्या बरोबरीने ठेवता येत नाही, कारण चाचणी हा उपचार नसतो. तो एक प्रश्न असतो, आणि आपण त्या प्रश्नाचा भाग होतो. वर सांगितलेला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी लेकरामुळे मिळाला आहे. बफेलोच्या त्या स्ट्रेचिंगवाल्या मुलांना चार-पाच दिवस जास्त लागले, म्हणून माझ्या मुलीला काय करायचं ते कळलं. मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते, आणि म्हणूनच चाचणी म्हटलं की "आमच्यावर प्रयोग नको" असं झटकून टाकणं मला पटत नाही.

पण नियम माहीत करून घ्या. भारतात 2009 पासून अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी यादीत आधी व्हावी लागते. यादी सगळ्यांना फुकट पाहता येते. तिथे कन्कशन किंवा ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी (मार लागून मेंदूला झालेली इजा) शोधा, भरती चालू आहे का ते बघा, आणि केंद्रांच्या नावांत नागपूर आहे का ते तपासा. नसेल तर मुंबई-पुण्याच्या फेऱ्या त्या जड डोक्याला झेपतील का, याचा विचार आधी करा. रेल्वेचा रात्रभराचा प्रवास हा काही आराम नव्हे.

2019 च्या नियमांप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीच्या संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं की औषधाचा गुण न येण्याची शक्यता आहे, आणि दुसऱ्या गटाला बिनऔषधाची गोळी मिळणार असेल तर तेही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत. केव्हाही बाहेर पडता येतं. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्या हातात मिळायलाच हवी. "संशोधन आहे, पण पॅकेज घ्यावं लागेल" असं कोणी म्हटलं, तर ती जाहिरात समजा आणि उठून या. मुलाची स्वतःची संमतीही लागते, नुसती आई-बाबांची पुरत नाही. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून दोनदा वाचा.

आम्ही नाव घातलं नाही. दहाव्या दिवशी वहीतला आकडा दोनवर आला होता, विसाव्या दिवशी ती पूर्ण वेळ शाळेत बसली. पण चार आठवडे उलटूनही आकडा पाचावर अडकला असता, तर मी आधी तोल-मानेचा फिजिओ केला असता, आणि त्यानेही भागलं नसतं तर व्यायामाच्या किंवा फिजिओच्या चाचणीत आनंदाने नाव घातलं असतं. नव्या गोळीच्या चाचणीत मात्र डॉक्टरांशी तासभर बोलल्याशिवाय नाही. यात वेळेचा एक खोडा आहे. बऱ्याच चाचण्या मार लागल्यापासून ठरावीक दिवसांतलेच रुग्ण घेतात. बफेलोने दहा दिवसांच्या आतलेच घेतले होते. तेव्हा नाव घालायचं की नाही हे नंतर ठरवा, पण यादी याच आठवड्यात उघडून बघा.