ताडोबाची मंगळवारची सफारी : ४५,५९७ रुपये

ताडोबाच्या बुकिंगच्या नावाखाली मी फसलो, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला कळतं तो पहिले तेच विचारतो. पंचेचाळीस हजार पाचशे सत्त्याण्णव. पंचेचाळीस हजार पाचशे अठ्ठ्याण्णव गेले होते, पण फसवणाऱ्या माणसाने एक रुपया मला परत पाठवला. तो एक रुपया का पाठवला ते पुढे येईलच.

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे. दुसऱ्यांची बिलं तपासणं हे माझं काम. हे लिहिताना लाज वाटते, पण न लिहून ती कमी होत नाही हे दोन महिन्यांत कळलं आहे.

पोरगी साडेसहा वर्षांची, पोरगा साडेतीनचा. नागपुरात लहान मुलांना न्यायच्या जागा आमच्या सगळ्या पाठ झाल्यात. महाराजबाग, रमण विज्ञान केंद्र, फुटाळ्याला भुट्टा, रामटेकला जाऊन खिंडसीत बोटिंग. दिवाळीच्या सुट्टीत या वेळी ताडोबा, असं मी सहामाही परीक्षेच्या आधीच कबूल करून बसलो होतो. पोराने सीताबर्डीवरून साडेतीनशेची प्लास्टिकची दुर्बीण घेतली आणि ती गळ्यात घालूनच झोपायला लागला. कबूल केलेली गोष्ट आणि गळ्यातली दुर्बीण. माणूस घाईत का येतो ते ज्यांच्या घरी पोरं आहेत त्यांना समजेल, बाकीच्यांनी हसावं.

ताडोबाच्या मोहर्ली गेटकडचं एक रिसॉर्ट मला ठाऊक होतं. रिसॉर्ट खरं आहे, आजही आहे. मोबाइलच्या नकाशात त्याचं नाव टाकलं, खाली नंबर होता, तो लावला. तो नंबर रिसॉर्टचा नव्हता. नकाशात कुणीही उठून दुरुस्ती सुचवू शकतो आणि ती कधी कधी लागूनही जाते, हे मला आज माहीत आहे. नकाशावरचा फोन नंबर म्हणजे भिंतीवर खडूने लिहिलेला नंबर समजा.

फोनवरचा माणूस अतिशय गोड. त्याने पैशाचं काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न, ‘‘सरजी, बच्चे कितने साल के हैं?’’ मग धाकट्यासाठी वेगळं दूध, मोठीसाठी पोहायचा तलाव, रात्री शेकोटी, आईसाठी तळमजल्याची खोली. मी आईबद्दल सांगितलं नव्हतं, त्यानेच विचारलं, ‘‘बुजुर्ग कोई साथ में?’’ आपल्या सख्ख्या नातेवाइकांना एवढं सुचत नाही. दोन रात्री, जेवणखाण धरून २४,५००. अॅडव्हान्स १२,००० पाठवा, उरलेले पोचल्यावर.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. मी विचारलं, हे कोण? तो म्हणाला, हे आमच्या अकाउंटंटचं खातं, कंपनीच्या खात्यात टाकले तर जीएसटी लावावा लागेल. आणि मी, ज्याला याचाच पगार मिळतो तो मी, खूश झालो. जीएसटी वाचला! तुम्ही म्हणाल, हाव. बरं, हाव. पण बिल नको म्हणून शंभर रुपये वाचवले नाहीत असा एक तरी माणूस मला गावात दाखवा. फरक इतकाच की तुमचा दुकानदार खरा होता. पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं, ते ज्याला पैसे देताय त्याचंच असायला पाहिजे. दुसरं कुणाचं असलं तर फोन ठेवा, कारण ऐकायला थांबू नका. कारण तयारच असतं, आणि चांगलं असतं.

दुसऱ्या दिवशी सफारीचे ७,८०० मागितले, जिप्सी, परमिट, गाइड सगळं धरून. तिसऱ्या दिवशी २,९९९, मुलांच्या ‘सिक्युरिटी’चे, परत मिळणारे. झाले २२,७९९. सोमवारी पोचायचं, मंगळवारी सकाळची सफारी, बुधवारी परत. व्हॉट्सअॅपवर वाघाचं चित्र असलेलं कन्फर्मेशन आलं, त्यावर आमच्या पाचही जणांची नावं आणि आईच्या नावापुढे ‘सीनियर सिटिझन’.

आता थांबतो इथे. कारण रात्री अडीचला जाग येते ती इथेच.

ताडोबाचं मुख्य जंगल मंगळवारी बंद असतं. दर मंगळवारी. विदर्भात राहणाऱ्याला हे सांगावं लागू नये. मी स्वतः लग्नाआधी दोनदा गेलो आहे, आणि एकदा याच कारणाने तारीख बदलली आहे. पण हे मला आठवलं नाही असंही नाही. आठवण करून दिली होती. आईने. शंकरपाळे तळता तळता ती म्हणाली, ‘‘अरे, मंगळवारी बंद राहते ना ते? मामा सांगत होता.’’ माझा मामा चंद्रपूरला असतो, थर्मल पॉवर स्टेशनमधून रिटायर झाला, त्याच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ताडोबासाठीच येतो. आई खरं तेच बोलली होती. आणि मी काय म्हणालो? ‘‘आई, दिवाळीत सगळे दिवस चालू असते.’’ कुठून आलं हे वाक्य? कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. मीच बनवलं, जागच्या जागी. त्या भामट्यालासुद्धा हे खोटं बोलावं लागलं नाही, त्याच्या वतीने मी बोललो, माझ्या आईशी. ती ‘असेल बाबा’ म्हणून परत कढईकडे वळली.

दुसरी खूण त्याहून ढळढळीत. वनखात्याच्या बुकिंगला प्रत्येक माणसाचं नाव, वय, ओळखपत्राचा नंबर लागतो आणि गेटवर तेच ओळखपत्र मूळ दाखवावं लागतं. या माणसाने आधार मागितलं नाही. मी ते चांगुलपणा समजलो. बायको म्हणालीसुद्धा, ‘‘आधार नाही मागितलं?’’ मी म्हटलं, ‘‘बरं ना मग, आजकाल आधार कुणाला देऊ नये.’’ फसवणुकीपासून वाचायचा सल्ला मी फसत असताना देत होतो.

सोमवारी सकाळी निघालो. जामला चहा, वरोरा, भद्रावती, आणि मग जंगलाचा रस्ता लागला तसा पोरगा दुर्बीण उलटी धरून प्रत्येक बैलाला वाघ म्हणायला लागला. एक वाजता रिसॉर्टच्या काउंटरवर उभे. तिथल्या पोराने रजिस्टर पाहिलं, माझा फोन पाहिला आणि मॅनेजरला हाक मारली. त्या हाकेतच समजलं. मॅनेजर अगदी थंडपणे म्हणाला, ‘‘सर, असे दर आठवड्याला दोन-तीन परिवार येतात.’’

दर आठवड्याला! मग गेटवर एक फलक लावायला काय होतं? तर म्हणे, आम्ही तक्रार केलेली आहे. त्या दिवशी एकही खोली रिकामी नव्हती, निदान आम्हाला तसं सांगितलं. पाच जणांच्या जेवणाचे १,४५० मात्र घेतले. जेवण बरं होतं, खोटं कशाला बोलू.

आता जे सांगतो ते मी कारखान्यात कुणालाही सांगितलेलं नाही. काउंटरवरूनच मी त्या नंबरला फोन लावला. वाटलं होतं बंद असेल. पहिल्या रिंगला उचलला! ‘‘सरजी, सॉफ्टवेअर में एरर आ गया, आपकी बुकिंग दूसरी तारीख पे चढ़ गई, अभी के अभी पूरा रिफंड करता हूँ.’’ आणि खरंच माझ्या खात्यात एक रुपया आला. ‘‘मिल गया ना सरजी? खाता चेक करने के लिए.’’ मग म्हणाला, मॅडमच्या फोनवर क्यूआर पाठवतो, तो तुमच्या फोनने स्कॅन करा, २२,७९९ दिसतील, पिन टाका, जमा होतील. पोरगा रडत होता, मोठी विचारत होती की आपली खोली कुठली, मॅनेजर पाहत होता. मी बायकोच्या फोनवरचा क्यूआर स्कॅन केला. २२,७९९ दिसले. तेवढेच, पैशापैशाने जुळणारे. अकाउंट्सच्या माणसाला जुळलेला आकडा दिसला की तो सही करतो. मी पिन टाकला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. हे बँकेच्या प्रत्येक मेसेजमध्ये लिहून येतं आणि मी प्रत्येक मेसेज वाचतो. तरीही.

गाडीत बसलो तेव्हा आई काही बोलली नाही. मंगळवारचा म सुद्धा काढला नाही, आजपर्यंत काढलेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त डबा उघडून पोरांना चिवडा दिला. रात्र चंद्रपूरला मामाकडे काढली. ‘‘मले एक फोन करता नाही आला का बे तुले?’’ तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी महाकालीचं दर्शन घेतलं आणि परत आलो. पुढच्या रविवारी मुलांना गोरेवाड्याच्या सफारीच्या बसमध्ये बसवलं. पोराला वाघ दिसला, त्याच्यासाठी विषय संपला. मोठीचा नाही. शाळेत ‘मी सुट्टीत काय केले’ लिहायला सांगितलं होतं. तिने लिहिलं, ‘आम्ही ताडोबाला गेलो. बाबांचे पैसे चुकले.’

मामाच्या घरूनच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला होता, तिथे सगळं नीट लिहून घेतलं, पोचक्रमांक मिळाला. पण तोवर आठ तास झाले होते. हे आठ तास तुम्ही घालवू नका. पहिल्या तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडू शकतात. मी ते तास कशात घालवले? लोक काय म्हणतील यात, आणि गाडी चालवण्यात.

मग नागपुरात ठाण्यावर गेलो. तिथला संवाद जसाच्या तसा देतो.

‘‘पैसे कुठून पाठवले?’’
‘‘पहिले घरून, नंतरचे मोहर्लीवरून.’’
‘‘मग अर्धी तक्रार चंद्रपूरची आहे.’’

अर्धी! मी म्हटलं, साहेब, गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तसं कलमच आहे, १७३. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘तुम्ही वकील आहे का?’’ नाही. ‘‘मग एवढं समजते तर पिन कायले टाकला?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण ते उत्तर शोधायला मी तिथे गेलो नव्हतो. अर्ज दोन प्रतीत आणा. आणला. बँकेचं स्टेटमेंट शिक्क्याचं पाहिजे. आणलं. साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. सोमवारी साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी पहिल्या पानापासून विचारायला सुरुवात केली, आणि तेही ‘‘इतका शिकलेला माणूस’’ वर येऊन थांबले. शिकलेल्या माणसाचे पैसे चोरले तर ती चोरी नसते काय? चार खेपा, चार अर्ध्या रजा, झेरॉक्सचे ६४ रुपये. पोच मागितली तर ‘‘विश्वास नाही का?’’ मागून घ्या तरीही. शिक्क्याशिवाय अर्ज देऊन येऊ नका, तो अर्ज नसतो, ती रद्दी असते.

बँकेत वेगळीच तऱ्हा. शाखेतल्या मॅडमनी दोनच प्रश्न विचारले, पिन कुणी टाकला आणि ओटीपी कुणाला दिला का. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही वगैरे. त्यांनी बोट ठेवून दाखवलं की ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुमची संमती होती. बरोबर आहे. कागद त्यांच्या बाजूने आहे. पण ज्या खात्यात गेले ते खातंही कुठल्यातरी बँकेनेच उघडून दिलं ना, कागदपत्रं तपासून? माझी मात्र दर काही वर्षांनी केवायसी होते, फोटोसकट, न केल्यास खातं गोठवू म्हणून धमकीसकट. त्या ट्रेडर्सवाल्याची कुणी केली? यावर मॅडम म्हणाल्या, टोकन घ्या, मॅनेजरना भेटा. मॅनेजर जेवायला गेले होते. मी पावणेचारला गेलो होतो.

महिनाभराने मेसेज आला, तिसऱ्या कुठल्या खात्यात माझे १,२०६ रुपये अडवून ठेवलेत. आनंदाने ठाण्यात गेलो. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तिथे सांगितलं. वकील ओळखीचा आहे, म्हणाला, तुझ्याकडून जास्त घेणार नाही, तीन हजार दे.

रिसॉर्टचा नंबर पाहिजे असेल तर तिथे जाऊन आलेल्या माणसाकडून घ्या, किंवा गावात कुणी असेल तर त्याला विचारा, सगळ्यांचा एखादा मामा चंद्रपूरला नाहीतर पेंचच्या सिल्लारीला असतोच. सफारी वेगळी, खोली वेगळी. सफारी वनखात्याच्या संकेतस्थळावरून स्वतःच काढा, एजंट कितीही गोड असो. आणि घरातलं कुणी काही म्हणालं तर निदान पाच मिनिटं ऐका, मग पाहिजे तर खेकसा.

नकाशातल्या त्या नंबरची तक्रार मी तीनदा केली, बायकोने एकदा, मामाने एकदा. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या एकाच्या फोनवरून सहज लावून पाहिला. तोच आवाज. पहिला प्रश्न तोच, ‘‘सरजी, बच्चे कितने साल के हैं?’’ मी विचारलं, मंगळवारची सफारी मिळेल का?

‘‘मंगल को? बस दो सीट बची हैं सरजी, जल्दी बताइए.’’