कॅनडा की जर्मनी: नागपूरच्या कुटुंबासाठी
नागपुरातून मुलाबाळांसह परदेशी स्थायिक व्हायचे असेल, तर कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कुशल कामगारांना गुणांवर निवडणाऱ्या योजनेत) निघण्यापूर्वीच सर्व कुटुंबाला कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो आणि मुलांचे शिक्षण इंग्रजीतून चालू राहते. जर्मनीच्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यासाठी, आधी नोकरी हाती हवी. त्या कार्डावर जोडीदारालाही लगेच काम करता येते, आणि बी१ पातळीचे (मध्यम, रोजच्या व्यवहारापुरते) जर्मन आल्यास २१ महिन्यांत कायम परवाना मिळू शकतो. मात्र धरमपेठेत सहावीत शिकणाऱ्या मुलीला तिथे गणितातले शाब्दिक उदाहरणसुद्धा जर्मनमध्ये वाचावे लागेल, आणि हा भार आईवडील सहज विसरतात. एवढ्या मोठ्या मुलांसाठी मी कॅनडाच सुचवेन. विनिपेगसारख्या शहरात पारा उणे ३० पर्यंत उतरतो, हे मात्र वैदर्भीय ऊन अंगवळणी पडलेल्या आजीआजोबांना बोलावण्याआधी ध्यानात घ्यावे.