पिकॉक की फायर? ईल घरी आणण्याआधी

कुर्ल्याच्या अ‍ॅक्वेरियम बाजारात किंवा पुण्या-नाशिकच्या एखाद्या मोठ्या दुकानात ‘ईल’ मागितला की बहुतेक वेळा दोन मासे दाखवतात. दोघेही वीतभर लांब, दोघांच्याही तोंडापुढे सोंडेसारखं हलणारं नाक, आणि दोघेही पाइपच्या तुकड्यात शिरून बसलेले. तपकिरी अंग, डोळ्यापासून शेपटीपर्यंत गेलेली फिकट पिवळी रेघ आणि पाठीच्या पराच्या बुडाशी मोरपिसातल्यासारखे काळे डोळे असतील तर तो पिकॉक ईल. काळपट अंगावर केशरी-लाल रेघा आणि ठिपके असतील तर फायर ईल. दुकानात दोघे सारखेच वाटतात, पण पिकॉक फूटभर होऊन थांबतो आणि फायरला निसर्गात मीटरभर वाढायचं असतं. घरच्या टाकीतही तो दोन फूट सहज गाठतो.

माझं मत आधीच सांगतो. तीन-चार फुटी टाकी असेल तर पिकॉक घ्या. सहा फुटी टाकी आज घरात उभी नसेल तर फायरचा विचार सोडा. ‘आता लहान आहे, मोठा झाला की टाकी बदलू’ या बेतावर घेतलेले फायर ईल पुढे दुकानदाराकडे परत जातात, आणि तोही घेईलच असं नसतं.

सहा फुटी टाकी म्हणजे काय, याचा हिशेब घ्यायच्या आधी करावा. 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टाकीत साधारण 680 लिटर पाणी मावतं. काच, वाळू, स्टँड धरून वजन पाऊण टनाच्या पुढे जातं. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलोच्या भाराच्या हिशेबाने बांधतात. इथे जवळपास तेवढ्याच जागेवर त्याच्या तिप्पट-चौपट भार येतो. भिंतीला लागून, बीमच्या आधाराने ठेवली तर गोष्ट वेगळी, पण जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. त्यात दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, म्हणजे 170 लिटर. नळाला तासभरच पाणी येत असेल तर हा हिशेब आणखी अवघड होतो. पिकॉकला 3 फूट बाय सव्वा फूट बाय दीड फुटाची, दीडशे-एक लिटरची टाकी पुरते. बादल्यांनी काम भागतं.

आता फायरच्या बाजूने बोलायचं तर, पाळीव प्राणी म्हणून तो पिकॉकपेक्षा सरस आहे. पिकॉक वर्षभर सांभाळला तरी दिवसा नाकाचं टोकच दिसेल. त्याचा खरा वावर दिवे मालवल्यावर. फायरही मुळात निशाचरच, पण तो माणूस ओळखायला शिकतो. खाणं देणारा टाकीजवळ आला की पाइपातून बाहेर येतो, काही महिन्यांत हातातून गांडूळ घेतो. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त सोबत करतो. ज्यांच्याकडे जागा आहे, पाणी आहे आणि एकाच माशासाठी एवढी टाकी अडवायची तयारी आहे, त्यांनी तोच घ्यावा. एकच मात्र, दोन फायर एका टाकीत सहसा जमत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत दोघांचं सारखंच, आणि इथेच बरीच घरं अडतात. ईल रंगीत दाणे किंवा फ्लेक्स सहसा खात नाही. त्याला ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या), गांडूळ, कोलंबीचे तुकडे लागतात, तेही संध्याकाळी दिवा बंद केल्यावर, नाहीतर बाकीचे मासे आधीच फस्त करतात. जिवंत ट्यूबिफेक्स, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक किड्यांचा गोळा, स्वस्त मिळतं, पण ते गटाराच्या पाण्यातून येतं. गोठवलेलं ब्लडवर्म त्यापेक्षा बरं. फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी अळ्यांची पाकिटं ठेवलेली घरच्यांना चालणार आहेत का, हे आधी विचारून घ्या. गांडूळखताचा वाफा असणाऱ्यांची चंगळ आहे. फायर मोठा झाला की त्याची भूकही मोठी होते आणि पाणीही तितकंच लवकर खराब होतं. त्याला चांगला कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर बसणारा मोठा डबा-फिल्टर, लागतो. पिकॉकचं स्पंज फिल्टरवर निभतं.

वाळू आणि झाकण या दोन गोष्टींत मात्र कोणालाच सूट नाही. हे मासे वाळूत अंग पुरून बसतात. रंगीत खडी किंवा बांधकामाची क्रश सँड घातली तर धारदार कडांनी कातडी खरचटते आणि जखमेत बुरशी धरते. चाळून स्वच्छ धुतलेली बारीक, गोल कणांची वाळू दोन-तीन इंच पसरावी. प्लंबरकडून दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणले की लपायची सोय झाली. फायर वाढला की त्याहून जाड पाइप लागेल. झाकण घट्ट हवं, आणि फिल्टरच्या नळीसाठी ठेवलेली फटसुद्धा स्पंजने बुजवलेली हवी. ईल निसटतो तो तिथूनच. फिल्टरच्या तोंडालाही जाळी बांधा, नाहीतर पिकॉक आत जाऊन बसेल.

औषधांबाबत दुकानदाराचा सल्ला जपून घ्या. अंगावर पांढरे ठिपके दिसले की हिरवी-निळी बाटली हातात देतात. या माशांचे खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे मॅलॅकाइट ग्रीन किंवा तांब्याची औषधं त्यांना लवकर बाधतात. मी आधी एअर पंप जोरात लावून तापमान हळूहळू 30 अंशांपर्यंत नेईन. औषध द्यावंच लागलं तर अर्ध्या मात्रेने. एरवी 24 ते 28 अंश दोघांना मानवतात. आपल्याकडे हिवाळ्यात हीटर लागतो, पण विदर्भ-मराठवाड्यात खरी काळजी मे महिन्याची. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

सोबतीला काय ठेवायचं? पिकॉकबरोबर गौरामी, रोझी बार्ब चालतात. गप्पी, निऑन आणि शोभेच्या कोलंब्या रात्रीतून नाहीशा होतील. फायरबरोबर सिल्व्हर डॉलरसारखे रुंद, मोठे मासे. फ्लॉवरहॉर्नबरोबर दोघांपैकी कोणालाच नको, तो चावून फाडतो.

या दोघांखेरीज आणखी काही नावं कानावर येतील. आपल्या कृष्णा-भीमेतली वाम ही पिकॉक-फायरच्याच, पाठीवर काटे असणाऱ्या घराण्यातली. ती फुकट मिळेल, पण तीही अडीच-तीन फुटांपर्यंत वाढते, म्हणजे जागेचा प्रश्न फायरइतकाच, आणि अंगावर तो रंग नाही. कालवणापुरतीच ठीक. ‘फ्रेशवॉटर मोरे’ म्हणून विकतात तो खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला मासा आहे. गोड्या पाण्यात काही महिने काढतो, खाणं सोडतो, मरतो. रोप फिश पश्चिम आफ्रिकेचा, ईलशी नातं नाही, पण फूट-सव्वा फुटाचा आणि स्वभावाने गरीब आहे. निसटण्यात मात्र या सगळ्यांच्या वरताण.

आणि कोकणच्या नद्यांतला अहीर. वर सांगितलेल्यांपैकी मोरे सोडला तर बाकीचे नुसते ईलसारखे दिसणारे. अहीर मात्र खरा ईल, आणि तोही नदीतला. तो समुद्रात जन्मतो, काचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या रूपात नदी चढून येतो, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे जातो. वाट अडवली तर तो नुसता जगत राहतो. स्वीडनमध्ये ब्रांतेव्हिक गावच्या विहिरीत 1859 साली सोडलेला ईल 2014 पर्यंत होता असं सांगतात. चार फूट काचेत बंद करावा असा हा मासा नव्हे, माझ्या मते कितीही मोठी टाकी असली तरी. नदीवर कोणी विकत देऊ लागला तरी घेऊ नका.

टाकी दोन फुटीच असेल आणि सळसळणारं काहीतरी हवंच असेल तर कुली लोच पाहा. तीन-चार इंचांचे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, सहा-सातच्या घोळक्याने राहणारे. वाळू आणि झाकण त्यांनाही हवंच, पण बुडणारे दाणे खातात, त्यामुळे फ्रीजर मोकळा राहतो.

पिकॉक ठरला असेल तर दुकानात दोन गोष्टी बघा. डोक्यामागे पाठ धारेसारखी उभी राहिलेली असेल तर मासा उपाशी आहे किंवा त्याच्या पोटात जंत आहेत. यातले बरेचसे मासे निसर्गातून पकडलेले असतात, त्यामुळे हे नवल नाही. नाक सोललेलं नको. मग दुकानदाराला समोर ब्लडवर्म टाकायला सांगा. खात नसेल तर आठवड्याने परत या. आणि जाळीने पकडू देऊ नका. पाठीवरचे बारीक काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना कातडी फाटते. तो ज्या पाइपात बसला असेल त्याची दोन्ही तोंडं हाताने झाकून पाइपासकट पिशवीत उतरवायला सांगा. पाइपचे दहा-वीस रुपये जास्त पडतील, ते द्या.