मामाचं मेर्कलिन इंजिन: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

मामा सत्तरच्या दशकात स्टुटगार्टला नोकरीला होता. त्याने तिथून आणलेलं मेर्कलिन या जर्मन कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वेचं 3000 नंबरचं काळं टँक इंजिन आमच्या ठाण्याच्या घरात माळ्यावर पंचवीसेक वर्षं पडून होतं. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून आल्यापासून लेकीने धोशा लावला, म्हणून डिसेंबरात ते खाली काढलं. ट्रान्सफॉर्मरचा नॉब फिरवला, दिवा लागला, इंजिन नुसतं गुरगुरलं. चाक हलेना.

हे नेहमीचं 12 व्होल्ट डीसीवरचं इंजिन नाही. माप एचओ, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या 1:87, पण चालतं एसीवर. रुळांच्या मधोमध बारीक बटणं असतात, इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यांवर घासत वीज घेते. दिशा बदलायची तर ट्रान्सफॉर्मर क्षणभर 24 व्होल्टचा झटका देतो आणि आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, खट् करून उलटतो.

आता माझा शहाणपणा ऐका. घरात दाराच्या बिजागऱ्यांना मारायचा स्प्रे होता, तोच आत फवारला. दहा मिनिटं इंजिन असं पळालं की मी मामाला व्हिडिओ पाठवला. मग जळका वास आला आणि गाडी जागीच बसली. मोटर उघडली तर आत काळा चिखल. जुनं घट्ट तेल स्प्रेने सुटून कम्युटेटरवर, म्हणजे मोटरबरोबर फिरणाऱ्या वीज घेणाऱ्या भागावर, आलं होतं आणि त्यावर घासून वीज देणाऱ्या ब्रशच्या भुकटीत कालवलं गेलं होतं.

दुसऱ्यांदा मात्र अख्खा रविवार दिला. या मोटरीत कम्युटेटर चपट्या चकतीसारखा असतो, तीन तुकड्यांचा. एक ब्रश कार्बनचा, दुसरा तांब्याच्या जाळीचा. कोणता कुठल्या बाजूला, याचा फोटो काढून ठेवा. मी ठेवला नव्हता आणि अर्धा तास घालवला. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसली. तिच्या तुकड्यांमधल्या फटी टूथपिकने कोरल्या, कारण तिथे भुकटी साचली की करंट एका तुकड्यातून थेट दुसऱ्यात जातो. पॉलिशपेपर लावला नाही. ओरखड्यांत घाण लवकर बसते. दातेरी चाकांच्या खुंट्यांवरचं तेल तर मधासारखं पिवळं आणि चिकट झालं होतं. इंजिन अडलं होतं ते खरं तिथेच.

तेल शिलाई मशीनचं, टेलरिंगच्या सामानाच्या दुकानातलं. बाटलीची तोटी लावू नका. सुई तेलात बुडवायची आणि टोकावर जेवढं लटकेल तेवढंच द्यायचं: मोटरच्या दांड्याची दोन टोकं, प्रत्येक खुंटी, चाकांचे आस. चाकं जोडणाऱ्या दांड्यांच्या (कनेक्टिंग रॉडच्या) सांध्यांना तर नुसता स्पर्श. ब्रशच्या बाजूला जास्तीचं दिसलं की कापसाने लगेच टिपून घ्यायचं. ग्रीसही आणलं होतं, पण एवढ्याशा मोटरीला ते जडच पडलं असतं. ट्यूब न फोडता तशीच पडून आहे.

जानेवारी ते ऑगस्ट, रविवारी तास-दीड तास गाडी चालते. या काळात तेल दोनदाच दिलं. मार्चमध्ये लेकीने कौतुकाने स्वतःच ‘थोडंसं’ घातलं. रुळांवर तेलाचे डाग पडले, त्यावर धूळ बसली, आणि इंजिन वळणावर अडखळायला लागलं. रूळ पुसून काढले, इंजिनाला काही करावं लागलं नाही.

पावसाळ्याने वेगळाच ताप दिला. हे जुने रूळ पत्र्याचे, आणि जुलैत ठाण्याच्या हवेत त्यांवर तांबूस गंज धरला. तो खोडरबराने घासून काढला. आता वापरून झालं की रूळ सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात ठेवतो.

ट्रान्सफॉर्मरवर 220 व्होल्ट लिहिलंय, आमच्याकडे मीटर 236 दाखवतो. म्हणजे 24 चा झटका सहज 26 च्या आसपास जातो. जुन्या रिलेचं त्याने बिघडत नाही, पण यावर आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं नवं डिजिटल इंजिन ठेवायची माझी हिंमत नाही. तारेचं रबर कडक झालं होतं, ती वायरमनकडून आधीच बदलून घेतली.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. दिशा बदलताना पाचात एकदा रिले उलटतच नाही आणि इंजिन आहे त्याच दिशेला उडी मारतं. रिलेची स्प्रिंग किंचित जास्त ताणलेली आहे, हे कळतंय. पण ती केसाएवढी तार, आणि माझा चष्मा नुकताच बदललाय. दिवाळीत मामा येणार आहे, तोवर तिला हात लावत नाही.