बटण बिघडलेला जुना पीसी की धडधाकट?

सांगलीत जुना डेस्कटॉप घेताना पॉवर बटण बिघडलेला स्वस्तातला घ्यावा, की चार पैसे जास्त मोजून धडधाकट घ्यावा?

विकणारा ‘फक्त बटणच गेलंय’ म्हणेल, त्यावर जाऊ नका. कॅबिनेट उघडायला लावा, मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. सुरू झाला, तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरचा. रिसेट बटणाची वायर त्या पिनांवर लावली की झालं, खर्च शून्य. नाही झाला, तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा बोर्डवर संशय. मग स्वस्ताई संपली. ब्रँडेड मशीनमध्ये मात्र बटणाच्या वायरचा कनेक्टर अनेकदा वेगळाच असतो, तिथे ही युक्ती अडते.

दोष फक्त बटणाचा असेल, तर टिकाऊपणात दोन्ही सारखेच. फक्त पिनांवर गंज, कोपऱ्यात गाळ दिसला तर हात लावू नका. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा, मशीन त्यात भिजलेलं असू शकतं.

स्वतः खटपट करणाऱ्याला पहिला परवडतो. दुकानाच्या रोजच्या बिलिंगला दुसराच घ्या.